काळोखाच्या कादंबऱ्या आणि त्यांचे कोवळे वाचक

भुते, शापित घराणी आणि रक्तपिपासू प्रियकर यांच्या कादंबऱ्या किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून मुद्दाम लिहिल्या जाऊ लागल्या, त्याला जेमतेम पन्नास वर्षे झाली. हा वाचक असली पुस्तके वाचत आला आहे तो मात्र अडीचशे वर्षांपासून. इंग्लंडात आणि पुढे अमेरिकेत घडलेल्या या वाचनाच्या इतिहासाला दोन पदर आहेत. पुस्तकांचा पदर सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा मतांचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती ही पुस्तके पडावीत की नाही, आणि पडली तर त्यांतली बरी कोणती, हे बराच काळ वडीलधाऱ्यांनीच ठरवले. ज्याने रात्र जागून पुस्तक संपवले त्याला कोणी विचारलेच नाही.

सुरुवात १७६४ च्या अखेरीस झाली. होरेस वॉल्पोल या इंग्रज सरदारपुत्राने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून खोट्या नावाने छापली. आभाळातून पडणारे राक्षसी शिरस्त्राण, चौकटीतून उतरून चालू लागणारे चित्र, तळघरातून पळणारी तरुण मुलगी असा सगळा मसाला तिच्यात होता. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने लेखक आपणच असल्याचे कबूल केले. पुढच्या तीस वर्षांत या मसाल्याला बाजारपेठ मिळाली. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ या १७९४ च्या चार खंडी कादंबरीला प्रकाशकाने ५०० पौंड मोजले. तेव्हाच्या कादंबरीकाराला हा आकडा स्वप्नवत होता.

चार खंड विकत घेणे साध्या घरांना परवडणारे नव्हते. ही पुस्तके पोचली ती वर्गणीच्या वाचनालयांतून. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा विल्यम लेन हा या धंद्यातला मुरलेला माणूस. तो स्वतःच्या मिनर्व्हा प्रेसमध्ये भयकादंबऱ्या छापायचा, स्वतःचे वाचनालय चालवायचा, शिवाय गावोगावच्या दुकानदारांना वाचनालय थाटण्यासाठी पुस्तकांचे तयार संच विकायचा. वाचणाऱ्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा, निदान टीकाकारांची तशी पक्की समजूत होती, आणि त्यांनी नाके मुरडायला लगेच सुरुवात केली. मॅथ्यू लुइस याने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली ‘द मंक’ ही कादंबरी १७९६ मध्ये निघाली. तिच्यावर कवी कोलरिज तुटून पडला. हे पुस्तक मुलाच्या किंवा मुलीच्या हातात दिसले तर आईबापांचा चेहरा पांढराफटक पडेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले. लिहिणारा पुरता पंचविशीचाही नव्हता. वयात येणाऱ्यांची काळजी करणारे दरवेळी म्हातारेच असतात असे नाही.

याच सुमारास वाचकाचे वय हा परीक्षणाचा विषय झाला. सेरा ट्रिमर या बाईंनी १८०२ ते १८०६ या काळात ‘द गार्डियन ऑफ एज्युकेशन’ हे नियतकालिक चालवले. मुलांच्या पुस्तकांचे नियमित परीक्षण करणारे हे पहिले इंग्रजी नियतकालिक. बाईंनी पुस्तकांची विभागणी चौदा वर्षांपर्यंतची मुले आणि चौदा ते एकवीसपर्यंतची तरुण माणसे अशी केली. आजच्या ग्रंथालयांतला कुमारांचा स्वतंत्र विभाग या रेघेवर उभा आहे. बाईंची मते मात्र कडक. परीकथासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत.

वाचणाऱ्या मुलीची बाजू मांडली जेन ऑस्टिन यांनी. ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ ही त्यांची कादंबरी १८०३ मध्ये १० पौंडांना विकली गेली, प्रकाशकाने ती कपाटात ठेवून दिली आणि ती बाहेर आली १८१७ च्या डिसेंबरात, लेखिकेच्या मृत्यूनंतर. नायिका कॅथरीन मॉरलँड सतरा वर्षांची. ‘उडोल्फो’ने तिला झपाटले आहे, आणि मैत्रीण इसाबेला तिला पुढे वाचायच्या सात भयकादंबऱ्यांची यादी देते. ही नावे ऑस्टिनबाईंनी गमतीने रचली असावीत असे शंभर वर्षे मानले जात होते. विसाव्या शतकाच्या विशीत संशोधकांनी सातही पुस्तके शोधून काढली. त्यांतली सहा लेनच्या मिनर्व्हा प्रेसची निघाली.

कॅथरीन पाहुणी म्हणून एका जुन्या मठात राहायला जाते. वादळी रात्री तिला खोलीतल्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, आणि ती पांघरुणात थरथरत सकाळची वाट पाहते. उजाडल्यावर कळते की कागद धुण्याच्या हिशेबाचे आहेत. एवढ्यावरून ही कादंबरी म्हणजे भयकथांची टिंगल असे सरधोपट सांगितले जाते. पण घरमालक जनरल टिल्नीने बायकोचा खून केला असावा हा कॅथरीनचा संशय खोटा ठरतो, तो माणूस मात्र तिने हेरला तसाच निघतो. मुलगी श्रीमंत नाही असे कळताच तो तिला भल्या सकाळी सोबतीशिवाय सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. गोष्टी वाचून कॅथरीनने खुनाचा तर्क चुकीचा केला, दुष्टपणा बरोबर ओळखला. किशोरवयीन वाचक भयकादंबरीतून नेमके काय घेतो याचे इतके सूक्ष्म निरीक्षण त्यानंतर फार वर्षे कोणी केले नाही.

पुढच्या पिढीत वाचकच लेखक झाले. मेरी शेली यांनी १८१६ च्या उन्हाळ्यात ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्याच उन्हाळ्यातल्या गप्पांतून जॉन पॉलिडोरीची ‘द व्हँपायर’ ही कथा जन्मली आणि १८१९ मध्ये कवी बायरनच्या नावावर छापली गेली. खानदानी, देखणा, गर्दीत एकटा वाटणारा पिशाच्च मराठी वाचकाने सिनेमांतून पाहिलेला असतो; त्याचे मूळ या कथेत आहे.

शतकाच्या मध्यावर छपाई स्वस्त झाली आणि भीती एका पेनीला मिळू लागली. ‘व्हार्नी द व्हँपायर’ १८४५ ते १८४७ या काळात आठवड्याच्या हप्त्यांनी निघाली. ती घेणारे गिरण्यांतले, दुकानांतले, निरोप्याची कामे करणारे पोरगे होते. ऐपत नसलेली मुले वर्गणी काढून एकच अंक आळीपाळीने वाचत. याच बाजारातला सम्राट जॉर्ज रेनॉल्ड्स. त्याने ‘वॅग्नर द वेअरवुल्फ’ नावाची लांडगामाणसाची कादंबरीही लिहिली. त्याची पुस्तके हिंदुस्थानात हातोहात खपली. मुंबई-पुण्याची इंग्रजी शिकलेली पोरे शेक्सपिअर परीक्षेसाठी आणि रेनॉल्ड्स आवडीने वाचत. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ रेनॉल्ड्सच्याच वळणावर बेतलेली होती, आणि ती लिहायला घेतली तेव्हा आपटे विशी नुकतीच ओलांडत होते. इंग्लंडात मात्र या पेनी-पुस्तकांवर खटला भरलेलाच होता. १८९५ मध्ये पूर्व लंडनमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने आईचा खून केला. घरात असली पुस्तके सापडली, आणि वृत्तपत्रांना कारण शोधायला लांब जावे लागले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘ड्रॅक्युला’ आली, पण तिचा ग्राहक प्रौढ होता.

हा वाद शिगेला पोचला तो १९५४ मध्ये, आणि तो कॉमिक्सवरून. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी भयाची चित्रमासिके अमेरिकेत मुलांच्या उशाखाली सापडत होती. फ्रेडरिक वर्थम या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात, मुले बिघडतात ती यांच्यामुळेच, असा निष्कर्ष काढला. पुराव्यादाखल त्यांनी दवाखान्यात आलेल्या मुलांचे बोल दिले होते. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. प्रकाशक विल्यम गेन्स याने आपल्या वाचकांना समितीला लिहा असे आवाहन केले, आणि मुलांनी खरोखरच पत्रे लिहिली. त्या पत्रांनी निकाल काही फिरला नाही. ऑक्टोबरात प्रकाशकांच्या संघटनेने आचारसंहिता लागू केली. चालती प्रेते, पिशाच्चे, लांडगामाणसे सगळी हद्दपार झाली. मुखपृष्ठावर ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा चालेना. पिशाच्चांना परवाना परत मिळाला तो १९७१ मध्ये.

या प्रकरणाला फार उशिरा पुरवणी जोडली गेली. वर्थम यांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरल टिली यांनी मूळ टिपणे आणि छापील पुस्तक ताडून पाहिले. काही ठिकाणी दोन मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातलेले होते, तर काही ठिकाणी त्या मुलांच्या आयुष्यातली इतर संकटे गाळून कॉमिक्स तेवढी ठेवलेली होती. या साऱ्या इतिहासात पोरांचे मत पहिल्यांदा छापून आले ते असे, मोडतोड करून.

सुनावणीच्याच वर्षी, १९५४ च्या सप्टेंबरात, स्कॉटलंडमध्ये एक विलक्षण प्रकार घडला. ग्लासगोच्या गॉर्बल्स या गरीब वस्तीतल्या मोठ्या दफनभूमीत संध्याकाळी शेकडो मुले गोळा झाली. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात सुऱ्या. लोखंडी दातांच्या सात फुटी पिशाच्चाने दोन मुलांना खाल्ले आहे आणि ते या थडग्यांमध्ये लपले आहे, अशी बातमी शाळाशाळांतून पसरली होती. कुंपणापलीकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचा लाल उजेड आणि धूर थडग्यांवर पसरला की पोरांचा गलका आणखी वाढे. पोलीस आले, शाळेच्या मुख्याध्यापकांनी दटावले, तरी पुढच्या दोन रात्री शोध चालूच राहिला. एकही मूल हरवलेले नव्हते. वृत्तपत्रांनी आणि खासदारांनी दोष अमेरिकन कॉमिक्सना दिला, आणि १९५५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मुलांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. पुढच्या अभ्यासकांनी लोखंडी दातांचा माग वेगळीकडे काढला. असल्या दातांच्या बागुलबुवावरची एक स्कॉटिश कविता शाळेत शिकवली जात होती, आणि बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातही लोखंडी दातांचे श्वापद आहे. कवितेवर किंवा बायबलवर बंदी घाला असे अर्थातच कोणी म्हटले नाही.

अमेरिकेतली ग्रंथालये मात्र वेगळ्या वाटेने गेली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९५७ पासून कुमारवयीन वाचकांसाठी स्वतंत्र शाखा होती. एस. ई. हिंटन यांनी पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये निघाली आणि या वयाचे प्रश्न या वयाच्या भाषेत मांडणारी कादंबरी खपते हे प्रकाशकांना कळले. त्या साच्यात गूढ ओतले लोइस डंकन यांनी. त्यांच्या १९७४ च्या ‘डाउन अ डार्क हॉल’मध्ये एका एकाकी वसतिगृहातल्या मुलींच्या हातून मेलेले कलावंत आपली अपुरी कामे करून घेतात. किशोरांसाठीच लिहिलेली अतींद्रिय कादंबरी इथून रुळली म्हणायला हरकत नाही.

मग १९७८ मध्ये ‘व्हॉइस ऑफ यूथ अ‍ॅडव्होकेट्स’ हे ग्रंथपालांचे नियतकालिक निघाले. त्याच्या परीक्षणपद्धतीत एक साधी पण क्रांतिकारक गोष्ट होती. प्रत्येक पुस्तकाला दोन वेगवेगळे गुण दिले जात, लेखनाच्या दर्जाला पाचपैकी आणि किशोरांत ते किती वाचले जाईल यालाही पाचपैकी. एखादे पुस्तक दर्जात दोन आणि लोकप्रियतेत पाच असू शकते, हे त्यातून उघड मान्य झाले. पुढे याच पानांवर किशोरवयीन परीक्षकही लिहू लागले. ट्रिमरबाईंच्या मासिकापासून इथपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षे लागली.

दर्जा आणि आवड या दोन मापांत सगळ्यांत चांगली बसणारी कादंबरी बहुधा अ‍ॅनेट कर्टिस क्लॉस यांची ‘द सिल्व्हर किस’. लेखिका मेरीलँडमध्ये ग्रंथपाल होत्या. मुले काय मागतात हे टेबलाच्या या बाजूने रोज पाहत होत्या. ही १९९० ची कादंबरी छोटी आहे. झोई या मुलीची आई कर्करोगाने मरणाला टेकली आहे. वडील दवाखान्यात, जिवलग मैत्रीण गाव सोडून निघालेली, आणि घरात मृत्यूविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. तिला भेटणारा सायमन तीनशे वर्षांचा पिशाच्च आहे, आणि मरण न येणे हेच त्याचे दुःख आहे. जी गोष्ट आईबाप मुलीशी बोलत नाहीत ती हे भूत बोलते. शेवटी आईला आणि सायमनला, दोघांनाही जाऊ देणे तिला शिकावे लागते. वडीलधाऱ्यांना रक्त आणि दात दिसतात. या वयाचा वाचक दवाखान्याच्या पानांपाशी थबकतो. काळी म्हणून हिणवलेल्या कादंबऱ्यांतल्या चांगल्या कादंबऱ्या अशाच दुहेरी असतात, आणि वाईट निघतात त्या हा दुसरा थर नसल्यामुळे.

वाईटांचाही तोटा नव्हता. एल. जे. स्मिथ यांची ‘द व्हँपायर डायरीज’ मालिका १९९१ मध्ये सुरू झाली. आर. एल. स्टाइन यांनी ‘फिअर स्ट्रीट’ मोठ्या मुलांसाठी आणि १९९२ पासून ‘गूजबंप्स’ लहानांसाठी असा रतीबच लावला. पालकांच्या तक्रारीही वाढल्या. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत १९९० ते १९९९ या दशकात सर्वाधिक हरकती आल्या त्या अ‍ॅल्विन श्वार्ट्झ यांच्या लोककथांवर आधारलेल्या भयकथासंग्रहांवर. १९९९ मध्ये तर अमेलिया अ‍ॅटवॉटर-ऱ्होड्स या मुलीने तेराव्या वर्षी लिहिलेली पिशाच्चकथा ‘इन द फॉरेस्ट्स ऑफ द नाइट’ एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढली.

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ऑक्टोबर २००५ मध्ये आली आणि सगळी गणिते बदलली. सतरा वर्षांची बेला पावसाळी फोर्क्स गावात येते आणि एडवर्ड कलन या पिशाच्चाच्या प्रेमात पडते. चौथा भाग ‘ब्रेकिंग डॉन’ २ ऑगस्ट २००८ रोजी निघाला आणि पहिल्या चोवीस तासांत अमेरिकेत त्याच्या तेरा लाख प्रती गेल्या. या वेळी किशोरांचे मत मोजायची यंत्रणा तयार होती. ग्रंथालय संघटनेच्या कुमार शाखेने २००३ पासून ‘टीन्स टॉप टेन’ सुरू केले होते. त्यात ग्रंथालयांतल्या मुलांचे वाचनगट पुस्तके सुचवतात आणि बारा ते अठरा वयाचे वाचक मतदान करतात. मोठ्यांना मत नाही. या यादीत २००७ मध्ये मालिकेचा दुसरा आणि २००८ मध्ये तिसरा भाग पहिला आला. मग २००९ मध्ये ‘ब्रेकिंग डॉन’ दुसऱ्या क्रमांकावर घसरला आणि पहिला मान जॉन ग्रीन यांच्या ‘पेपर टाउन्स’ला मिळाला. तिच्यात भूत औषधालाही नाही. त्याच वर्षी मोठ्यांच्या हरकतींच्या यादीत ‘ट्वायलाइट’ पाचवी होती.

आंधळ्या भक्तांचे हे लक्षण नव्हे. चौथ्या भागावर सर्वांत जास्त चिडले ते मालिकेचेच चाहते. बेलाला काही गमवावेच लागत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. पुस्तक जाळू नका, दुकानात परत करा, असे आवाहन त्यांनी एकमेकांना केले. झोपलेल्या मुलीच्या खोलीत रात्री चोरून येणारा एडवर्ड प्रियकर की पाळत ठेवणारा, हा वादही मुलीच घालत होत्या. मागोमाग पिशाच्चे, पतित देवदूत आणि लांडगे यांच्या कादंबऱ्यांची लाट आली, दुकानांत त्यांची वेगळी फळी लागली, आणि पाच-सात वर्षांत तीच मुले ‘द हंगर गेम्स’कडे वळल्यावर ती फळी ओसही पडली. जून २०११ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या एका लेखाने किशोरांच्या कादंबऱ्या फार काळ्या झाल्याची जुनी तक्रार पुन्हा केली. कोलरिजच्या वेळी टीका एकतर्फी होती. या वेळी असल्या पुस्तकांनी आपल्याला कठीण दिवसांत कसे तारले हे सांगणाऱ्या हजारो वाचकांचे उत्तर दोन दिवसांत आले.

मराठीत हे मधले दालन उभेच राहिले नाही. रत्नाकर मतकरी यांनी लहानांसाठी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आणली आणि मोठ्यांसाठी ‘खेकडा’तल्या गूढकथा लिहिल्या. दोन्हींच्या मधल्या वयाने सरळ चेटकिणीवरून खेकड्यावर उडी घेतली. नारायण धारप यांनी शंभरावर पुस्तके लिहिली, स्टीफन किंगची पिशाच्चकादंबरी ‘लुचाई’च्या रूपाने मराठी गावात आणली. ही पुस्तके प्रौढांची म्हणून छापली गेली आणि वर्गणीच्या वाचनालयांतून आईबाबांच्या कार्डावर तेरा-चौदा वर्षांची पोरे घेऊन गेली. त्या पोरांचे मत नोंदवणारी यादी मराठीत कधी झाली नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे चौदाच्या आसपास असताना, १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. तिच्यातून उगवलेला ‘तुंबाड’ हा त्यांचा चित्रपट २०१८ मध्ये पडद्यावर आला, आणि सेन्सॉर बोर्डाने त्याला प्रमाणपत्र दिले ते फक्त प्रौढांसाठीचे.